प्रतिष्ठेच्या पडद्याआड : दुर्गा खोटे यांच्या अभिनयाचे पुनर्वाचन

प्रस्तावना :

मराठी रंगभूमी व चित्रपटसृष्टी यांच्या इतिहासात दुर्गा खोटे (१९०५-१९९१) यांचे नाव आदराने घेतले जाते. मात्र त्यांच्याविषयीच्या लेखनात एक विधान ठरावीक साच्यात पुन्हा पुन्हा येते. सुशिक्षित व प्रतिष्ठित घराण्यातील स्त्री चित्रपटात आली आणि त्या क्षेत्राला प्रतिष्ठा मिळाली, असे ते विधान होय. ते सर्वस्वी चुकीचे नाही. परंतु अपुरे आहे आणि काही अंशी अन्यायकारकही आहे. त्यात घराण्याचा गौरव होतो, अभिनय मात्र अलक्षित राहतो. प्रस्तुत लेखात या गौरवाची तपासणी करून त्यांच्या काही भूमिकांचे पुनर्वाचन केले आहे.

प्रतिष्ठेचा प्रश्न :

दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या मूकपटात तारामतीची भूमिका साळुंके या पुरुष नटाने केली होती. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये मात्र दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई (पुढे गोखले) या मायलेकी पडद्यावर आल्या. 'प्रभात'च्या 'अयोध्येचा राजा' (१९३२) या बोलपटात दुर्गा खोटे तारामती झाल्या, तेव्हा या घटनेला एकोणीस वर्षे लोटली होती. खोटे यांच्यामुळेच चित्रपटाला प्रतिष्ठा आली असे म्हणताना आपण आधीच्या स्त्रियांना नकळत अप्रतिष्ठित ठरवीत नाही काय?

स्वतः दुर्गाबाईंच्या 'मी, दुर्गा खोटे' (१९८२) या आत्मचरित्रातून वेगळेच चित्र उभे राहते. सॉलिसिटर पांडुरंग लाड यांची ही कन्या. सासरची आर्थिक स्थिती ढासळल्यावर, दोन मुलांची जबाबदारी असताना, त्या अर्थार्जनासाठी स्टुडिओत गेल्या. 'फरेबी जाल' (१९३१) मधील पहिल्या छोट्या भूमिकेने त्यांच्या वाट्याला टीकाच आली. म्हणजे त्यांनी चित्रपटाला प्रतिष्ठा बहाल केली असे म्हणण्यापेक्षा स्वतःची प्रतिष्ठा पणाला लावली, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

तारामती ते जोधाबाई :

दुर्गाबाई एकाच चित्रसंस्थेशी बांधून राहिल्या नाहीत. कोल्हापूरच्या 'प्रभात'नंतर कोलकात्यात देवकी बोस यांच्या दिग्दर्शनाखाली त्यांनी 'राजरानी मीरा' (१९३३) व 'सीता' (१९३४) हे चित्रपट केले. व्ही. शांताराम यांच्या 'अमरज्योती' (१९३६) मधील सौदामिनी ही त्यांच्या कारकिर्दीतील कळीची भूमिका होय. आपल्या मुलाचा ताबा न्यायाने नाकारला गेल्यामुळे ही स्त्री समुद्रावरील लुटारूंची नायिका बनते. येथे मातृत्व आणि विद्रोह परस्परविरोधी नाहीत. किंबहुना विद्रोहाचा उगमच मातृत्वात आहे. पुढे 'पृथ्वीवल्लभ' (१९४३) मधील मृणालवतीत हाच ताठपणा दिसतो.

उत्तरार्धात त्यांच्याकडे आईच्या भूमिका आल्या, याला समीक्षक सहसा वयपरत्वे आलेली घसरण मानतात. तथापि 'मुघल-ए-आझम' (१९६०) मधील जोधाबाई सौदामिनीच्या शेजारी ठेवून पाहावी. 'सीता'मध्ये राम झालेले पृथ्वीराज कपूर येथे अकबर आहेत. सौदामिनीला मुलासाठी सत्तेविरुद्ध उभे राहता आले. जोधाबाईची सत्ता मात्र तिच्या पतीच्या रूपाने घरातच आहे. पती व पुत्र यांच्यात दुभंगलेली ही राणी आक्रोशापेक्षा संयमाने व्यक्त होते. 'बिदाई' (१९७४) साठी त्यांना सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, तोही आईच्याच भूमिकेसाठी.

रंगभूमी व निर्मिती :

हा संयम केवळ कॅमेऱ्यापुढचा नव्हता. मुंबई मराठी साहित्य संघाच्या रंगमंचावर त्यांनी खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'त आनंदीबाई उभी केली. वि. वा. शिरवाडकरांनी 'मॅकबेथ'वरून रचलेल्या 'राजमुकुट'मध्येही त्यांनी भूमिका केली. पडद्यावरील सोशिक आई आणि रंगमंचावरील सत्ताकांक्षी स्त्री एकाच अभिनेत्रीने साकारल्या, हे लक्षात घेतले की सोशिकपणा हा तिचा स्वभाव नसून कमावलेले कौशल्य होते, हे स्पष्ट होते. 'साथी' (१९३७) ची निर्मिती त्यांनी केली. पुढे १९८८ मध्ये दूरदर्शनवर आलेली 'वागळे की दुनिया' ही मालिकाही त्यांच्याच संस्थेची होती. साधनांवर आपला ताबा असावा, ही जाणीव त्यामागे दिसते.

समारोप :

१९६८ चा पद्मश्री आणि १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार हे सन्मान त्यांना लाभले. तरीही त्यांचे आत्मचरित्र वर्गात शिकविताना विद्यार्थ्यांच्या टिपणांत 'खानदानी अभिनेत्री' हाच शब्द प्रथम उतरतो. हा दोष विद्यार्थ्यांचा नव्हे. आपण लिहिलेल्या इतिहासाचा आहे. दुर्गा खोटे यांचे मोठेपण त्या कोणाच्या कन्या वा सून होत्या यात नसून, गरजेपोटी स्वीकारलेल्या व्यवसायाचे त्यांनी सुमारे अर्धशतक कलेत रूपांतर केले यात आहे. त्यांना कुळाच्या चौकटीतून मोकळे केले, तरच कमलाबाईंसारख्या पूर्वसूरींनाही त्यांचे न्याय्य स्थान मिळेल.