भाकीत, वदंता आणि इशारा : टोकियोच्या भूकंपवादाची भाषिक चिकित्सा

एखाद्या महानगराला भूकंपाचा धोका आहे अशी वार्ता प्रसृत झाली म्हणजे काही लोक भयभीत होतात व काही तिचा उपहास करतात. या दोन्ही प्रतिक्रियांचे मूळ लोकस्वभावात शोधण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखकास तो अपुरा वाटतो. लोक प्रतिक्रिया देतात ती त्यांच्यापर्यंत पोचलेल्या वाक्याला, आणि शास्त्रज्ञाने लिहिलेले वाक्य व लोकांनी ऐकलेले वाक्य ही बहुधा एक नसतात. या दोहोंमधील अंतर किती महाग पडू शकते, याचे बोलके उदाहरण म्हणून टोकियो नगरात 1905 ते 1923 या काळात घडलेल्या वादाकडे पाहता येईल.

सप्टेंबर 1905 मध्ये टोकियो इंपीरियल विद्यापीठातील भूकंपशास्त्राचे सहायक प्राध्यापक आकित्सुने इमामुरा यांनी ‘ताइयो’ या मासिकात एक लेख लिहिला. लेखाच्या मथळ्याचा आशय असा : शहरी भागात भूकंपाने होणारी जीवित व वित्त यांची हानी कमी करण्याचा सोपा उपाय. मथळ्यात भविष्यकाळ नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. लेखात 1649, 1703 व 1855 या तीन मोठ्या भूकंपांचा दाखला आहे. त्यांवरून सरासरी अंतर सुमारे शंभर वर्षांचे येते, आणि 1855 नंतर तर पन्नासच वर्षे लोटली होती. परंतु पहिल्या दोन भूकंपांत केवळ 54 वर्षांचे अंतर होते. म्हणून सिद्धतेस विलंब लावू नये, असा इमामुरांचा निष्कर्ष. आग पसरली तर एक ते दोन लक्ष माणसे दगावतील, असा त्यांचा अंदाज होता. ती टळावी यासाठी रॉकेलचे दिवे जाऊन विजेचे दिवे यावेत, अशी त्यांची सूचना होती.

या युक्तिवादाची वाक्यरचना तपासली असता त्यात तीन अंगे आढळतात : पूर्वी असे घडले आहे, पुन्हा घडले आणि आग लागली, तर इतकी हानी होईल, म्हणून अमुक करावे. मधले अंग संकेतार्थी आहे, शेवटचे विध्यर्थी आहे आणि सर्व भार शेवटच्यावर आहे.

जानेवारी 1906 मध्ये ‘टोकियो निरोकु’ या वृत्तपत्राने हा मजकूर उचलला तेव्हा नेमके हेच अंग मागे पडले. वृत्तपत्राने योजलेला शब्द होता ‘योगेन’. ‘यो’ म्हणजे आधी, ‘गेन’ म्हणजे वचन. आपल्या भाषेत भाकीत. त्यातच 1906 हे साल तेथील साठ वर्षांच्या चक्रात ‘अग्नि-अश्व’ या नावाचे होते आणि अशा वर्षी आगी लागतात, अशी लोकसमजूत होती. शास्त्रज्ञाचे वाक्य पंचांगाच्या वाक्याशेजारी जाऊन बसले. पुढे फेब्रुवारीत भूकंपाचे धक्के जाणवले, वेधशाळेच्या नावाने दूरध्वनीवर खोटी सूचना फिरली आणि लोक घरांबाहेर धावले.

या गोंधळास उत्तर देण्यासाठी इमामुरांचे वरिष्ठ, प्राध्यापक फुसाकिची ओमोरी यांनी त्याच मासिकात लेख लिहिला. त्यांच्या मथळ्यातील शब्द होता ‘फुसेत्सु’, म्हणजे तरंगते बोलणे; मराठीत आपण ‘उडती बातमी’ म्हणतो ती. ओमोरी यांचा शास्त्रीय आक्षेप खोडण्याजोगा नाही. तीन घटनांच्या सरासरीवरून चौथीची तिथी काढता येत नाही, आणि भयभीत नगराला धीर देणे हेही विद्वानाचे कर्तव्यच. परंतु त्यांनी खंडन केले ते भाकिताचे, आणि भाकीत इमामुरांनी केलेलेच नव्हते. ‘वदंता’ हे नाव एकदा चिकटल्यावर रॉकेलच्या दिव्यांविषयीची सूचनाही त्याच नावाखाली गाडली गेली. इमामुरा पुढे कित्येक वर्षे थापाड्या म्हणून हिणवले गेले.

दिनांक 1 सप्टेंबर 1923 रोजी, दुपारी बाराला दोन मिनिटे असताना, चुली पेटलेल्या असतानाच भूकंप झाला. सुमारे 1,05,000 माणसे मेली वा बेपत्ता झाली. त्यांतील बहुसंख्य आगीत. ओमोरी त्या वेळी एका परिषदेसाठी ऑस्ट्रेलियात होते. परतल्यावर नोव्हेंबरात त्यांचे निधन झाले. इमामुरांचा आता द्रष्टा म्हणून गौरव होऊ लागला. आमच्या मते हा गौरव पूर्वीच्या उपहासाचेच दुसरे रूप होय. हसणाऱ्यांनी त्यांचा लेख खोटे भाकीत म्हणून वाचला, वंदन करणाऱ्यांनी खरे भाकीत म्हणून. इशारा म्हणून तो दोघांनीही वाचला नाही. ऑस्टिन यांनी दाखविल्याप्रमाणे इशारा देणे ही उच्चारातून घडणारी एक कृती आहे. भाकीत खरे किंवा खोटे ठरते. इशारा पाळला जातो किंवा डावलला जातो. 1923 साली भूकंप झाला नसता, तरी दिवे बदलण्याचा सल्ला योग्यच राहिला असता.

या इतिहासाचे एक प्रकरण भाषाभ्यासकास टाळता येणार नाही. ज्या नगराने इशाऱ्याला वदंता म्हटले, त्याच नगराने भूकंपानंतर वदंतेला वार्ता मानले. कोरियन लोक विहिरींत विष घालीत आहेत, अशी आवई उठली आणि मोठ्या संख्येने कोरियन माणसे मारली गेली. कोण कोरियन हे ओळखण्यासाठी ‘पंधरा येन पन्नास सेन’ या अर्थाचे जपानी शब्द उच्चारावयास लावीत; कारण शब्दारंभीची घोष व्यंजने कोरियन भाषकांस कठीण जातात. आपण ज्यास वर्गात ध्वनिविचार म्हणतो, त्याचा तेथे जल्लादाच्या हाती असा उपयोग झाला.

आज जपानची शासकीय समिती दक्षिण कांतो प्रदेशात सात प्रतीचा भूकंप येत्या तीस वर्षांत होण्याची संभाव्यता सुमारे 70 टक्के सांगते. विधान आता अंकांत आले, तरी ऐकणाऱ्याची अडचण तीच राहिली : ‘होणार की नाही?’ हा त्याचा प्रश्न, आणि अंक त्याला ‘होय’ किंवा ‘नाही’ यांपैकी काहीच सांगत नाही. मराठीत तर हे सारे अंतर क्रियापदाच्या शेपटात सामावलेले आहे. ‘होण्याचा संभव आहे’ याचे मथळ्यात ‘होणार’ व्हावयास चार अंगुळे जागेची टंचाई पुरेशी असते. कोयना (1967) व किल्लारी (1993) अनुभवलेल्या भाषकांना हे अंतर क्षुल्लक वाटू नये.

म्हणून अशा वार्तांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी लोक घाबरले की हसले, हे मोजण्यापूर्वी मूळ वाक्यातील ‘जर’ आणि ‘म्हणून’ ही दोन अव्यये कोठवर टिकली, ते पाहावे. टोकियोत ‘जर’ गळाले तेव्हा घबराट झाली. ‘म्हणून’ गळाले त्याची किंमत मात्र सतरा वर्षांनंतर द्यावी लागली.