गादी गेलेला राजपुत्र आणि त्याचा चरित्रकार

ज्याचे चरित्र लिहिले जाते त्याला आपण मराठीत ‘चरित्रनायक’ म्हणतो. हा शब्द इतका अंगवळणी पडला आहे की, त्यात दडलेला धोका सहसा ध्यानी येत नाही. जोनाथन पेत्रोपौलोस यांचा ‘रॉयल्स अँड द राईश’ हा २००६ साली ऑक्सफर्डहून प्रसिद्ध झालेला ग्रंथ वाचताना मात्र तो पदोपदी जाणवत राहिला. हेसनच्या राजघराण्यातील फिलिप आणि ख्रिस्तोफ या दोन भावांची ही कहाणी आहे. संस्थानी गावात वाढलेल्या, वाड्यांच्या पडक्या देवड्या रोज पाहणाऱ्या आपल्यासारख्या वाचकाला तिचा पहिला भाग तर ओळखीचाच वाटेल.

फिलिपचा जन्म १८९६ चा. आई कैसर विल्हेल्म दुसरा याची सख्खी बहीण आणि राणी व्हिक्टोरियाची नात. वडिलांना १९१८ च्या ऑक्टोबरात फिनलंडचे राजपद देऊ केले गेले. पण त्या देशात पाऊल टाकण्यापूर्वीच, डिसेंबरात, त्यांना ते सोडावे लागले. दोन थोरले भाऊ पहिल्या महायुद्धात कामी आले. १९१९ च्या राज्यघटनेने सरदार-राजपुत्रांचे विशेषाधिकार काढून घेतले आणि ‘प्रिन्स’ ही पदवी नुसता आडनावाचा भाग होऊन राहिली. राज्य गेले, मान गेला, पण नातीगोती शिल्लक होती. १९२५ मध्ये इटलीच्या राजाची कन्या माफाल्दा हिच्याशी फिलिपचा विवाह झाला आणि या नात्यागोत्यांनाच पुढे बाजारभाव आला.

१९३० मध्ये तो नाझी पक्षात गेला. १९३३ मध्ये गोअरिंगच्या मैत्रीमुळे हेसन-नासाऊ प्रांताचा प्रमुख झाला. ११ मार्च १९३८ रोजी, ऑस्ट्रिया गिळंकृत करण्यास मुसोलिनीची हरकत नाही हा निरोप त्यानेच रोमहून दूरध्वनीवर हिटलरला दिला. हे संभाषण गोअरिंगच्या ज्या ‘संशोधन’ कार्यालयाने चोरून टिपून ठेवले, त्याचा प्रमुख होता धाकटा भाऊ ख्रिस्तोफ! कादंबरीकाराने रचले असते तर आपण त्याला अतिशयोक्त म्हटले असते.

पेत्रोपौलोस हे नाझी राजवटीतील कलावस्तूंच्या व्यवहाराचे अभ्यासक. त्यामुळे फिलिपने हिटलरसाठी इटलीत केलेल्या खरेदीची पाने या ग्रंथात सर्वांत सकस उतरली आहेत. लान्सेलोत्ती घराण्याकडील थाळीफेक्याचा संगमरवरी पुतळा १९३८ मध्ये जर्मनीत गेला, त्यातही त्याची मध्यस्थी होती (तो १९४८ मध्ये इटलीला परत मिळाला). रसिकता आणि लाचारी एकाच माणसात किती सुखाने नांदतात, हे लेखक कोणतेही भाष्य न करता दाखवतो. तरुणपणी फिलिपचा इंग्रज कवी सिगफ्रीड ससून याच्याशी जडलेला स्नेहसंबंधही असाच संयमाने आला आहे.

माझा आक्षेप वेगळा आहे. ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीने शरणागती जाहीर करताच फिलिपला हिटलरच्या मुख्यालयातच अटक झाली आणि पुढे त्याची रवानगी फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत झाली. माफाल्दाला रोममध्ये फसवून पकडले आणि खोट्या नावाने बुखेनवाल्डमध्ये ठेवले. २४ ऑगस्ट १९४४ च्या बाँबहल्ल्यात ती जबर जखमी झाली. हात कापावा लागला आणि काही दिवसांतच ती गेली. ही पाने वाचताना डोळे भरून येतात, आणि ते यावेतच. मात्र त्यानंतर वाचक फिलिपकडे निराळ्या नजरेने पाहू लागतो, हेही खरे. आमच्या वाचकमंडळात एका ज्येष्ठ सभासदांनी म्हटले, “भोगले ना त्याने? आता सोडा त्याला.”

कोणी सोडायचे? हादामारचे रुग्णालय त्याच्याच प्रांतात होते. जानेवारी १९४१ पासून तेथे मनोरुग्ण आणि अपंग माणसे विषारी वायूने मारली जाऊ लागली. ऑगस्टपर्यंत दहा हजारांहून अधिक. हे रुग्णालय गृहखात्याच्या हवाली करणाऱ्या करारावर फिलिपने फेब्रुवारीत, म्हणजे हत्या सुरू झाल्यानंतर, सही केली. १९४६ मध्ये त्याच्यावर खुनाचा आरोप ठेवला गेला, पण पुढे तो मागे घेतला गेला. लेखकाने यातले काहीही लपवलेले नाही, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. पण माफाल्दाला चेहरा आहे, वेदना आहे, अखेरचे दिवस आहेत. हादामारच्या मृतांना केवळ संख्या आहे. हा लेखकाचा अप्रामाणिकपणा नव्हे, हा चरित्र या वाङ्मयप्रकाराचा गुणधर्म होय. कॅमेरा नायकाबरोबरच वाड्यात शिरतो आणि त्याच्याबरोबरच छावणीत जातो. सही केलेल्या कागदाबरोबर मात्र तो हादामारला जात नाही. एका रुग्णाचे जरी पाचसहा पानांचे चरित्र येथे आले असते, तरी तराजूचा काटा जागेवर राहिला असता.

‘राजघराण्यातील माणसे भोळी, ती वाहवत गेली’ या समजुतीला लेखकाने दिलेले उत्तर ग्रंथाच्या शेवटी, परिशिष्टात आहे. नाझी पक्षाचे सभासद झालेल्या राजकुलीनांची यादी तेथे दिली आहे. नावे अडीचशेहून अधिक. हिटलरने १९४० मध्ये राजपुत्रांना आघाडीवर जाण्यास मनाई केली आणि १९४३ मध्ये त्यांना पदांवरून दूर करण्याचा हुकूम काढला, तो त्यांच्या विरोधामुळे नव्हे. त्यांच्या लोकप्रियतेचा आणि परदेशी सोयरिकींचा त्याला संशय होता म्हणून. फिलिप १९८० पर्यंत जगला. फुल्डाजवळच्या वाड्यात त्याने उभारलेले संग्रहालय आजही प्रेक्षणीय मानले जाते.

ज्यांना हा जाडजूड ग्रंथ हाती घ्यायचा आहे त्यांना एकच सुचवावेसे वाटते: ती यादी आधी वाचावी, आणि मगच राजपुत्राच्या बालपणाचे पहिले प्रकरण उघडावे.