शहराची व्याख्या आणि शेतातली बाई

आज एका व्याख्येची तपासणी करू. २०११ च्या जनगणनेत शहर दोन प्रकारे ठरलं. जिथे नगरपालिका, महानगरपालिका वगैरे आहे ते एक. तो सरकारी अधिसूचनेचा मामला. दुसरं ‘जनगणना शहर’. त्याच्या अटी तीन: वस्ती किमान ५,०००, घनता चौरस किलोमीटरला किमान ४००, आणि मुख्यतः काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर.

गुण आधी सांगतो. ही व्याख्या सरकारच्या मर्जीसाठी थांबत नाही. अशी ठिकाणं २००१ मध्ये १,३६२ होती, २०११ मध्ये ३,८९४ झाली. शहरांच्या वेशीवर काय चाललंय ते या आकड्यांतून दिसलं.

आता तिसरी अट पुन्हा ऐका. ‘पुरुषांपैकी’! बायका मोजणीत आहेत, कसोटीत नाहीत. न्यायशास्त्रात याला अतिव्याप्ती म्हणतात. गाय म्हणजे शिंगं असलेला प्राणी म्हटलं, की म्हैसही आत येते. समजा, चाकणच्या बाजूचं एखादं गाव. पुरुष कंपनीत, कुणी टेम्पोवर, कुणी प्लॉटिंगमध्ये. कांद्याची खुरपणी, गुरांचं वैरणपाणी बायकांकडे. बाकीच्या दोन अटी जुळल्या की हे गाव शहर. शेत जागेवर आहे, कसणारी जागेवर आहे. बदलली ती फक्त नवऱ्याची नोकरी.

कुणी म्हणेल, स्त्रियांच्या कामाचे तक्ते जनगणनेत असतातच की. असतात. पण व्याख्या तक्त्याच्या आधी येते. काय बघायचं ते ती ठरवते. एकदा ‘शहर’ म्हटलं की उरलेलं शेत म्हणजे अजून न विकलेला प्लॉट वाटू लागतो. सातबाऱ्यावर बहुधा त्या बाईचं नाव नसतं; आता व्याख्येतही नाही.

आणि शहर म्हणून मिळालं काय? नुसत्या जनगणनेच्या शिक्क्याने नगरपालिका येत नाही. बहुतेक ठिकाणी कारभार ग्रामपंचायतच बघते. इमारती सहा मजली, गटारं मात्र गावाच्या हिशेबाची.

टेरी मॅकगी या भूगोलतज्ज्ञाने अशा प्रदेशांना ‘देसाकोटा’ म्हटलं. इंडोनेशियन भाषेत देसा म्हणजे गाव, कोटा म्हणजे शहर. दोन्ही शब्द शेजारी ठेवले, एकाने दुसऱ्याला खोडलं नाही. आपल्याकडे मात्र शहर वजा केल्यावर जे उरतं ते ‘ग्रामीण’. बाकी म्हणजे काही लक्षण नव्हे. माझं म्हणणं एवढंच, की कसोटीत सगळे कामकरी मोजा. मग काही ठिकाणं धड गावही ठरणार नाहीत, शहरही नाहीत. ठरू नयेत. त्यांना तिसरं नाव द्या, आणि त्या नावाला साजेसं पाणी, गटार आणि अंदाजपत्रकही द्या.