वीस दिवस अडकलेली बस

'ओपनटीटीडी' या खेळात एकही खाजगी गाडी नाही. शहरं वाढतात, लोकसंख्या हजारांत जाते, पण कुणी स्कूटर काढत नाही, कुणी रिक्षाला हात करत नाही. रस्त्यावर धावतं ते सगळं वाहतूक कंपन्यांचं, म्हणजे बहुतेक वेळा तुमचंच. तरीही जाम होतो. आणि जाम झाला की खेळाडूंची तक्रार ठरलेली : गाड्या मठ्ठ आहेत, अल्गोरिदम सुधारा.

ही तक्रार मला अर्धीच पटते.

आधी पूर्वपीठिका. ख्रिस सॉयरचा 'ट्रान्सपोर्ट टायकून' 1994 साली आला, 'डिलक्स' आवृत्ती त्याच्या पुढच्या वर्षी. 2004 मध्ये लुडविग स्ट्रिगेअस या स्वीडिश प्रोग्रामरने तो खेळ उलटा उसवून नव्याने लिहिला आणि कोड सगळ्यांसाठी खुला केला. (पुढे 'म्यूटोरेंट'ही त्यानेच लिहिलं. आपल्यापैकी अनेकांचं कॉलेज त्यावर निघालं.) तेव्हापासून जगभरचे लोक फावल्या वेळात हा कोड दुरुस्त करताहेत.

त्यात गाड्यांना रस्ता शोधून देणारा भाग आहे. त्याचं नाव 'याप्फ', म्हणजे 'यट अनदर पाथफाइंडर'. नावातच प्रोग्रामरचा कंटाळा आहे. त्याचा हिशेब सोपा : एक सरळ टाइल ओलांडायला 100 गुण. वळण आलं की आणखी 100, चढ आला की 200, रेल्वे फाटक आलं की 300. ज्या वाटेची बेरीज सगळ्यांत कमी, ती वाट बसची. थांब्यावर आधीच गाड्या उभ्या असतील तर त्याचाही दंड लागतो. पण दोन थांब्यांच्या मधे, साध्या रस्त्यावर चाळीस ट्रक तुंबले असतील, तर त्याचा दंड शून्य. बसला ते दिसतच नाहीत.

मग दाखवा की! कोडच्या दृष्टीने हे फार अवघडही नाही. प्रश्न आहे तो त्यानंतर काय होईल याचा. समजा दोन वाटा आहेत आणि पहिली तुंबली. दर बसने त्या क्षणाची गर्दी पाहून निर्णय घेतला, तर सगळ्या दुसरीकडे वळतील. ती तुंबेल, पहिली मोकळी होईल, आणि पुन्हा सगळ्या माघारी. मॅपवर निळी रेघ पाहून एकाच गल्लीत घुसलेल्या कॅब तुम्ही पाहिल्याच असतील. डीट्रिश ब्रेस या जर्मन गणितज्ञाने 1968 साली तर याहून विचित्र गोष्ट दाखवली : प्रत्येक जण आपल्यापुरता सगळ्यांत जलद रस्ता निवडत असेल, तर नवा रस्ता बांधल्यावर सगळ्यांचाच प्रवास लांबू शकतो. तिथे ड्रायव्हर पुरेसे हुशार असतात. तरीही फसतात.

म्हणून या खेळातल्या ज्या सुधारणा मला खऱ्या वाटतात, त्या बसला शहाणं करणाऱ्या नाहीत. आरपार जाणारा थांबा घ्या. मूळ खेळात बस थांब्यात शिरायची, वळायची, त्याच तोंडाने बाहेर यायची, आणि मागची रांग रस्ता अडवून उभी. थांबा रस्त्यावरच आल्यावर ही कोंडी बरीच सैलावली. एकेरी रस्त्यांचंही तसंच. ही हत्यारं आखणाऱ्याच्या हातात पडतात. बस मठ्ठच राहते, आणि राहावी. ती मठ्ठ आहे म्हणूनच तुमची आखणी उघडी पडते. उद्या तिने आपणहून वळसा घालून तुमची चूक झाकली, तर एका चौकात साठ बसचे मार्ग आणून सोडणाऱ्याला कधी कळणार?

इथवर मी खेळाच्या बाजूने बोललो. पण कोडमध्ये एक जागा अशी आहे, जी मला खटकते.

पुढच्या गाडीमुळे अडलेली प्रत्येक गाडी मनातल्या मनात आकडे मोजत असते. आकडा 1480 टिकच्या पुढे गेला की ती पुढची गाडी नाहीच असं धरते आणि तिच्या आरपार निघून जाते. भुतासारखी. खेळातला एक दिवस 74 टिकचा, म्हणजे बरोबर 20 दिवसांची वाट. खऱ्या घड्याळात पाऊण मिनिटाच्या आत.

ही सोय का केली हे कळतं. चार गाड्या चौकात एकमेकींना अडवून बसल्या तर हा खेळ कायमचा गोठेल. ऑफिसातल्या सर्व्हरवर आम्हीही असलेच टाइमआउट लावतो. पण आम्ही निदान लॉगमध्ये एक ओळ लिहितो. इथे काहीच नाही. गाडी वाट चुकली तर खेळ बातमी देतो, तोट्यात गेली तर देतो, फाटकावर ट्रेनने उडवली तर मोठ्या मथळ्यात देतो. वीस दिवस एका जागी उभी राहून दुसऱ्या बसच्या पोटातून निघालेल्या बसबद्दल मात्र अक्षर नाही.

अल्गोरिदम सुधारायला बसणाऱ्याने सुरुवात तिथून करावी. भूत राहू दे, फक्त चौकाच्या नावानिशी एक बातमी येऊ दे.