गायतोंडे : एकान्त आणि चित्र

चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्याविषयी मराठीत बोलणे निघाले की ते चित्रांपाशी फार वेळ थांबत नाही. ते कोणास भेटत नसत, मोजके बोलत, वर्षाकाठी जेमतेम पाचसहा चित्रे करीत, हेच रंगवून सांगितले जाते. ही आख्यायिका आता चित्रांच्याच आड येऊ लागली आहे, असे आम्हांस वाटते.

१९२४ साली नागपुरास त्यांचा जन्म झाला. घराणे मूळचे गोव्याचे. वाढले ते गिरगावच्या चाळीत. १९४८ मध्ये जे. जे. कलाशाळेची पदविका, १९५७ मध्ये तोक्योचे पारितोषिक, १९६४ मध्ये रॉकफेलर अधिछात्रवृत्तीवर न्यूयॉर्क, १९७१ मध्ये पद्मश्री. असा लौकिक वाढत असतानाच १९७२ मध्ये ते मुंबई सोडून दिल्लीस गेले आणि निजामुद्दीन भागात गच्चीवरच्या लहानशा जागेत राहू लागले. तेव्हा हा एकान्त अपयशातून आलेला नव्हे. मग तो कशासाठी?

ह्याचे उत्तर चित्राच्या पृष्ठभागावरच सापडते. रोलर आणि रंगसुरी यांनी ते पातळ रंगांचे थर चढवीत, वाळू देत, खरवडून काढीत; कागदाचे तुकडे दाबून कोठे रंग ठेवीत, कोठे उचलीत. अशा कामात हातापेक्षा थांबणे अधिक लागते. कोणता थर राखावा आणि कोणता पुसावा, हे घाईत ठरत नाही. एकान्त हा त्यांचा विषय नव्हता. ते त्यांचे साधन होते. झेन विचाराची आणि निसर्गदत्त महाराजांच्या उपदेशाची ओढ त्यांना होती, तीही ह्या थांबण्याशी सुसंगतच होय.

एच. डी. कोटे येथील आमच्या वाचकांस कबिनीचा जलाशय परिचित आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की आधीच्या पातळ्यांच्या रेघा काठावर उमटलेल्या दिसतात. गायतोंडे यांच्या पटावर काळ असाच साठतो. तथापि उपमा येथेच थांबवावी, कारण त्यांचे चित्र हे जलाशयाचे दृश्य नव्हे. ‘अमूर्त’ हा शब्दही त्यांना मान्य नव्हता. आपले चित्र वस्तुनिरपेक्ष आहे, असे ते म्हणत.

त्यांचे सर्वच पट सारख्या तोलाचे आहेत, असे आम्ही म्हणणार नाही. काही ठिकाणी लिपीसारख्या खुणा अलंकरणाकडे झुकतात आणि मौनाची जागा शोभा घेते. १९८४ च्या अपघातानंतर मोठे पट हाताळणे कठीण झाले, तेव्हा त्यांनी कागदावर शाईने लहान रेखाटने केली. त्यांत मात्र ही शोभा गळून पडलेली दिसते.

२००१ मध्ये ते निवर्तले. २०१३ साली मुंबईच्या लिलावात त्यांच्या एका चित्रास सुमारे २३ कोटी ७० लाख रुपये आले. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात प्रदर्शन भरले. आख्यायिकेच्या जोडीला आता किंमत आली, आणि किंमत ऐकून मान डोलावणे म्हणजेही न पाहणेच.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वाचकास ही चित्रे बहुधा छापील पानावरच भेटतात, आणि छपाईत नेमके थरच हरवतात. म्हणून दिल्लीस जाणे घडेल त्याने राष्ट्रीय आधुनिक कलादालनात त्यांचे चित्र मांडलेले असल्यास त्याच्यासमोर निदान अर्धा तास उभे राहावे. ज्याने एकेका पटास महिने दिले, त्याला आपण एवढे तरी देणे लागतो.