सोमरसाचा गाळ

शेजारच्या मुलीने अमीश त्रिपाठींची शिवावरची तिन्ही पुस्तकं एका मे महिन्यात संपवली आणि मला विचारलं, "मावशी, ह्याची सिरियल येतली गे?" 'द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा' २०१०चं, पुढची दोन २०११ आणि २०१३ची. करण जोहर यांच्या धर्मा प्रॉडक्शन्सने हक्क घेतले होते, सिनेमा काही झाला नाही. मग २०२२मध्ये शेखर कपूर यांच्या नावानिशी मालिकेची घोषणा झाली. मी हे लिहीपर्यंत तीही आलेली नाही. येईल की नाही हे मी काय सांगणार? आली तर आमच्या डिचोली-पेडण्यात पोचेल का, एवढंच मला बोलता येईल.

जाणकार म्हणतात, पैसा ओतला आणि कैलास भव्य दिसला की झालं. मला नाही पटत. पेडण्याकडे जत्रेत दशावतारी येतात. ना नगर, ना महाल. एक बाकडं आणि मागे पडदा. संकासुर आला की पोरं आईच्या पदराआड जातात. अद्भुत मानायला इथल्या माणसाला संगणकाची गरज पडत नाही.

मेलुहाची खरी अडचण दुसरीच आहे. अमीश देवाला माणूस करतात: शिव हा तिबेटातल्या एका टोळीचा नायक, आणि त्याचा गळा निळा होतो तो सोमरस प्याल्यामुळे. आम्हा जैनांना यात नवल नाही. आमच्या घरी चातुर्मासात रविषेणांचं पद्मपुराण वाचलं जायचं. त्यात रावणाला दहा डोकी नाहीत. गळ्यातल्या हारात चेहऱ्याची प्रतिबिंबं पडली म्हणून तो दशानन. वानर म्हणजे ध्वजावर वानराचं चिन्ह असलेलं कुळ. लहानपणी ऐकताना मला हे फार आवडायचं. पण कारण ऐकायला गोड लागतं, डोळ्यांना मात्र प्रसंग लागतो. शिवाय टीव्हीवरचे महादेव सगळ्यांनी पाहिलेत, गळा निळा होणारच हे ठाऊक आहे. तेव्हा नुसत्या खुलाशावर ही मालिका उभी राहायची नाही.

तिला तारेल तो सोमरसाचा कचरा. तोच सोमरस आयुष्य वाढवतो. तो करायला सरस्वतीचं पाणी उपसलं जातं, त्याचं विष नदीतून खाली ब्रंगांच्या देशात उतरतं, आणि नागांच्या वाट्याला व्यंग येतं. एके काळी खरोखर चांगली असलेली गोष्ट केव्हा थांबवायची, हा शिवापुढचा पेच आहे. लढाया त्यानंतरच्या.

हे शिरगावात कुणाला समजावावं लागेल? तिथे लईराईचे धोंड निखाऱ्यांवरून चालतात, आणि त्याच गावच्या विहिरी खाणींनी आटवल्या. मयेच्या शेतांत पावसाबरोबर तांबडा गाळ उतरला. पण घरांवर स्लॅब पडले तेही त्याच पैशांनी, आणि २०१२मध्ये खाणी थांबल्या तेव्हा ट्रकांचे हप्ते डोक्यावर राहिले. मेलुहाचे लोक सोमरस सोडायला तयार होत नाहीत ते का, हे इथे पहिल्या भागातच कळेल.

नारायण धारपांच्या कथेवरून स्फुरलेला 'तुंबाड' आठवा. १२ ऑक्टोबर २०१८ला आला तेव्हा चाललाय असं वाटलं नव्हतं. सप्टेंबर २०२४मध्ये पुन्हा लावला तर पहिल्या खेपेहून जास्त गल्ला झाला. त्यात पिठाची बाहुली, राक्षसाच्या लंगोटातली नाणी आणि माणसाचा हावरटपणा, एवढंच. नियम छोटा, घरात बसणारा. म्हणून माझं भाकीत असं: निर्मात्यांनी युद्धं वाढवून सोमरसाचा गाळ दोन संवादांत उरकला, तर पहिल्या आठवड्यात सगळे बघतील आणि तिसऱ्यात विसरतील. गाळ ठेवला, तर उशिरा का होईना, पोचेल.

हे मी त्या मुलीला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "मावशी, आमचो बाबाय ट्रक चलयतालो."