मराठी सिनेमाला निर्माता हवा आहे

'सैराट'ची चर्चा अजूनही कमाईच्या आकड्यापाशी येऊन थांबते. 29 एप्रिल 2016 ला लागलेला, जेमतेम चार कोटींत झाल्याचं सांगितलं जाणारा हा सिनेमा. त्याच्यामुळे मराठीत पहिल्यांदा शंभर कोटींची भाषा सुरू झाली. पण त्यातलं खरं शहाणपण जमेच्या नव्हे, खर्चाच्या बाजूला आहे. नायिका अकलूजची शाळकरी मुलगी, नायकही नवखा, गाव करमाळ्याच्या परिसरातलं. ताऱ्यांच्या मानधनावर खर्च झालाच नाही. संगीतावर मात्र हात सैल सोडला. अजय-अतुल यांनी गाण्यांसाठी थेट लॉस एंजेलिस गाठलं आणि तिथल्या सिंफनी वाद्यवृंदाकडून ध्वनिमुद्रण करून घेतलं. नायिका-नायकाचं, म्हणजे आर्ची-परशाचं, प्रेम पूर्वार्धात आभाळाएवढं वाटतं ते या भरगच्च सुरावटींमुळे. उत्तरार्धात, हैदराबादच्या झोपडपट्टीत, गाणी थांबतात आणि शेवटी तर आवाजच उरत नाही. ती शांतता अंगावर येते, कारण आधी कान तृप्त झालेले असतात.

कुठे सढळ व्हायचं आणि कुठे हात आखडता घ्यायचा, हा निर्णय हिशेबाचा तेवढाच कलेचाही असतो. तो दिग्दर्शकाच्या बरोबरीने घेऊ शकणारी माणसं मराठीत फार थोडी आहेत. चांगले लेखक-दिग्दर्शक आपल्याकडे दर दोन-चार वर्षांनी पुढे येतात. निर्माते मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या धंद्यातून येतात, एक सिनेमा करतात, हात पोळून घेतात आणि निघून जातात. ते जे काही शिकतात ते त्यांच्याबरोबरच जातं.

हे दुखणं जुनं आहे. दादासाहेब फाळके यांनी भांडवलदाराला पटवण्यासाठी वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित करून दाखवली होती. कलाकृतीच व्यवसायाचा प्रस्ताव झाल्याचं इतकं देखणं दुसरं उदाहरण नाही. तेच फाळके 1918 नंतर नाशिकच्या हिंदुस्तान फिल्म कंपनीत भागीदारांशी पटेना म्हणून काशीला निघून गेले.

याचं उत्तर दिलं 'प्रभात' फिल्म कंपनीने. 1 जून 1929 ला कोल्हापुरात कंपनी निघाली तेव्हा पाच भागीदारांपैकी सीतारामपंत कुलकर्णी पेढीवरचे सराफ होते. शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर हे चौघे स्टुडिओत घाम गाळणारे. पैसा आणि कसब एकाच दस्तऐवजावर आले. बोलपट आला तेव्हा 'अयोध्येचा राजा' मराठीत आणि हिंदीत असा दुहेरी काढला गेला. सेट तोच, कपडेपट तोच, बाजारपेठा मात्र दोन. 'कुंकू'ही तसाच हिंदीत 'दुनिया न माने' झाला. जरठ-कुमारी विवाहाविरुद्ध पेटून उठणाऱ्या नायिकेचा सिनेमा 1937 साली काढण्याची हिंमत या व्यवस्थेतून आली. 'संत तुकाराम' तर मुंबईत एकाच थिएटरात वर्षाहून अधिक चालला आणि व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. 1942 मध्ये शांताराम बाहेर पडले, पुढच्या दशकभरात कंपनी मिटली. कलावंत गेला एवढंच कारण पुरेसं नाही. भागीदारीची घडी मोडली, ती पुन्हा बसवता आली नाही.

आजच्या निर्मात्यापुढचं गणित अधिक किचकट आहे. 2009 मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात दोन महिने संप चालला. तडजोडीत निर्माता-वितरकाचा वाटा ठरला पहिल्या आठवड्याला 50 टक्के, दुसऱ्याला 42.5, तिसऱ्याला 37.5 आणि पुढे 30. जोरदार जाहिरात करून पहिल्या तीन दिवसांत गल्ला भरणाऱ्या मोठ्या हिंदी सिनेमाला ही उतरंड मानवते. मराठी सिनेमा बहुधा तोंडी प्रसिद्धीवर उभा राहतो. प्रेक्षक दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येतो तेव्हा निर्मात्याचा वाटा घसरलेला असतो, आणि बऱ्याचदा शो सकाळच्या अकरावर ढकललेला असतो. 2015 मध्ये राज्य सरकारने मराठीला प्राइम टाइममध्ये जागा देण्याचा आग्रह धरला तो याचसाठी. पण पोस्टर, ट्रेलर, गावोगावची पब्लिसिटी यांची तरतूद बजेटमध्ये नसेल, तर मोक्याच्या वेळेचा शोही रिकामा जातो. शूटिंग संपेपर्यंतचं नियोजन चोख आणि प्रदर्शनाच्या नावाने शून्य, असे कितीतरी सिनेमे डब्यात पडून आहेत.

सरकारी अनुदानाने अनेकांना तारलं हे खरं. 'अ' दर्जाला 40 लाख आणि 'ब' दर्जाला 30 लाख ही रक्कम छोट्या सिनेमासाठी थोडी नाही. मात्र अनुदान हाच परताव्याचा पहिला आधार धरून बजेट बेतलं गेलं, की पटकथा त्या मापाची होते. वाहिन्यांच्या हक्कविक्रीवर विसंबलेल्या काळातही हेच झालं. ठरलेले विनोदी चेहरे, घरात बसून बघता येईल अशी गोष्ट. थिएटरसाठी म्हणून काही उरलंच नाही.

नियोजन आणि दृष्टी एकत्र आली की काय होतं, हे 'कोर्ट'मध्ये दिसतं. विवेक गोम्बर यांनी चैतन्य ताम्हाणे यांना पटकथा लिहिण्यासाठी आधी वेळ विकत घेऊन दिला: दरमहा ठरावीक रक्कम, घाई नाही. मग पैसे लावले, आणि बचाव पक्षाच्या वकिलाची भूमिकाही केली. नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांच्यासारखे अभिनयाचं शिक्षण नसलेले लोक कॅमेऱ्यासमोर उभे राहिले, पाहिजे तेवढे टेक घेण्याची मुभा राहिली. आपल्याकडे लेखनाचा काळ कुणी खर्चात धरत नाही. तिथे तो सगळ्यात आधी धरला गेला, आणि 2014 मध्ये व्हेनिसला 'कोर्ट'ने दोन पुरस्कार घेतले.

'बाईपण भारी देवा'चा मार्ग वेगळा, शिस्त तितकीच. मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येणाऱ्या सहा बहिणींची गोष्ट 30 जून 2023 ला लागली, श्रावण तोंडावर असताना. बायका नटूनथटून, भिशीच्या आणि सोसायटीच्या गटांनी आल्या. हा प्रेक्षक कुणाचा, तो कधी घराबाहेर पडतो, याचा विचार त्या तारखेत आहे. त्याला निव्वळ धंदेवाईकपणा म्हणणं अन्यायाचं ठरेल.

सप्टेंबर 2025 मध्ये आठवड्याच्या अंतराने दोन मराठी सिनेमे लागले. कोकणातल्या वृद्ध दशावतारी कलावंताचा 'दशावतार' मोठ्या स्टुडिओच्या पाठबळावर गावागावांत पोहोचला आणि वीस कोटींपलीकडे गेला. सनडान्सला परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार मिळवणारा रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' परदेशी सहनिर्मितीतून उभा राहिला. इथल्या प्रदर्शनासाठी पुढे आला तो तेलुगू अभिनेता राणा दग्गुबाती. 'साबर बोंडं'चे शो मोजकेच होते. बापाच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला मुलगा आणि त्याचा बालमित्र यांची ही हळवी, संथ गोष्ट पाहायला महाराष्ट्रात प्रेक्षक नाही, असं म्हणायला कुणाकडे पुरावा नाही. त्या प्रेक्षकापर्यंत जायला किती पडदे, किती आठवडे आणि किती पैसा लागतो, हे मांडून दाखवणारा मराठी वितरक मात्र त्या वेळी पुढे आला नाही.